डाव्या हाताची गाठ

“घे, तूच वास घे,” असं म्हणून करुणाताईंनी कापडी थैली काउंटरवर टेकवली, आणि डांबरगोळीचा भपकारा सोजराबाईच्या थेट मस्तकात गेला.

सकाळचे अकरा वाजले होते. हिंगोलीच्या बसस्टँडमागच्या माणिक सुपर बाजारात सेनगावच्या जीपमधून उतरलेली गिऱ्हाइकं नुकतीच शिरत होती. करुणाताईंबरोबर वस्तीतली पेमा होती, रडून रडून डोळे सुजलेली. करुणाताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा आवाज चढला की नातवंडं झालेली माणसंसुद्धा आपोआप हाताची घडी घालत. आज तर आवाज चांगलाच चढला होता.

“काल खिरीला वास कुठून आला ते कळत नव्हतं न्हाई का? आज थैली झटकली तर बुडाशी हे निघालं.” त्यांनी डांबरगोळ्यांची फुटकी पुडी दोन बोटांत धरून दाखवली. “दोन रात्री तांदूळ ह्याच्यावर बसून होते.”

काल बुद्धपौर्णिमा होती. वंदना झाल्यावर वाटायला दोन पातेली खीर केली होती आणि पहिला घास घेताच लेकरांनी ती थू थू करून थुंकली होती. शेवटी विहाराच्या मागं खड्डा करून सगळी खीर पुरावी लागली. डांबरगोळ्या मागवल्या होत्या त्या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटासाठी. सामानाची थैलीही त्याच कपाटाशेजारी ठेवलेली. तिथं तो वास बारमाही, त्यामुळं पहाटे तांदूळ धुताना पेमाला शंकासुद्धा आली नाही. सबंध वस्तीनं मात्र कालपासून खीर शिजवणाऱ्या पेमालाच धारेवर धरलं होतं.

“थैलीला गाठ तर तुझीच हाय, सोजरा,” करुणाताई म्हणाल्या.

आणि वरवर पाहता ते खोटं नव्हतं. थैलीच्या बंदाला सुताची गाठ अजून तशीच लटकत होती.

या गाठीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माणिक सुपर बाजार पूर्वी माणिकरावांचं साधं किराणा दुकान होतं आणि सोजराबाई तिथं धान्य निवडायला लागली तेव्हा तिचं वय होतं बावीस. माणिकरावांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. एक, खायचं आणि धुवायचं सामान कधी एका थैलीत भरायचं नाही. साबण, फिनेल, डांबरगोळ्या, उदबत्तीसुद्धा वेगळी. दुसरी म्हणजे ही गाठ. जीपच्या टपावरून थैली सेनगावला गेली तरी ती सुटायची नाही आणि घरी गेल्यावर उजवीकडचं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी व्हायची. पुढं दुकानाचा सुपर बाजार झाला, तेव्हा बिल झालेल्या प्रत्येक थैलीचं तोंड बांधूनच गिऱ्हाइकाला बाहेर सोडायचं अशी रीत पडली, आणि सोजराबाई काउंटरच्या टोकाला थैल्या भरायला उभी राहिली. तिनं भरलेल्या थैलीत अंडी असली तरी लोक बिनधास्त मांडीवर लेकरू आणि पायाशी थैली घेऊन जीपमध्ये बसत. जड खाली, हलकं वर, ओलं एका अंगाला. हे कुणीही सांगेल. पण सोजराबाईचा हात सामानाकडं न बघता ते करायचा. गावात कुणी तिला शिकलेली म्हणत नव्हतं, श्रीमंत तर नव्हतीच, पण सोजरानं भरलंय म्हटलं की कुणी थैली उघडून बघायचं नाही. ही एवढीच तिची कमाई.

मंडळाचं पौर्णिमेचं सामान सतरा वर्षं तिच्यावरच सोपवलेलं असायचं.

“ताई, सामान मीच काढलं,” सोजराबाई म्हणाली. “तांदूळ-साखर एका अंगाला अन् गोळ्या-साबण एका अंगाला, असे दोन ढीग बी लावले. पण भरायच्या टायमाला मी इथं न्हवते. शेठनं घरी पाठवलं होतं, बापूला खाऊ घालायला.”

बापू म्हणजे माणिकराव. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांची वाचा गेली. सुनेनं चमचा पुढं केला की ते तोंड मिटून घेत, सोजराबाईनं केला की उघडत. त्यामुळं त्यांचा मुलगा भागवत रोज दुपारी चारला तिला घरी पिटाळायचा. शनिवारी मात्र तीनलाच म्हणाला, “मावशी, पाव्हणे येऊन राहिले, बापूला आत्ताच खाऊ घालून या.” दुकानात गर्दी होती. ती आकांक्षाला म्हणाली होती, “दोन ढीग हायेत माय, दोन थैल्यात भर,” आणि गेली होती.

आकांक्षा त्याच वस्तीतली. बारावीनंतर घरी बसलेली, तेव्हा सोजराबाईनंच भागवतशेठच्या मागं लागून तिला इथं चिकटवलं. वर्षभरात पोरगी कॉम्प्युटर शिकली, बिलं करू लागली, आणि मागच्या महिन्यात तर काउंटरची प्रमुख झाली. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं. गाठ तिला सोजराबाईनंच शिकवली होती. शिकताना आठ दिवस रडकुंडीला आली होती बिचारी, कारण ती डावखुरी. शेवटी सोजराबाई तिच्यासमोर बसली, आरशात बघावं तसं उलट कर म्हणाली, आणि मग जमली. तिची गाठ दिसायला तशीच व्हायची, फक्त फास डाव्या अंगाला पडायचा आणि सोडायला डावीकडचं टोक ओढावं लागायचं.

सोजराबाईनं थैलीवरची गाठ हातात घेतली. फास डाव्या अंगाला होता.

“पेमा,” ती म्हणाली, “ही सोडली काहून न्हाई? दोरा कापलेला दिसून राहिला.”

“सुटंचना,” पेमा नाक ओढत म्हणाली. “लई ओढली. मंग इळीनं कापली.”

सोजराबाईनं मान वर करून आकांक्षाकडं पाहिलं. तीन हातांवर ती कॉम्प्युटरकडं डोळे लावून बसली होती. समोर गिऱ्हाईक नव्हतं.

“आकांक्षा, सांग ना माय. शनिवारची थैली कुणी भरली?”

पोरगीनं कसलंसं बटण दाबलं. “मला न्हाई आठवत मावशी. लई गर्दी होती त्या दिवशी.”

पोरगी ‘तुमीच भरली’ म्हणाली असती, तोंडावर भांडली असती तरी चाललं असतं. पण ‘आठवत न्हाई’ म्हणताना पोरगीनं इतक्या सहज मान हलवली की ही आपल्या ताटात जेवलेली पोर आहे यावर सोजराबाईचा क्षणभर विश्वास बसेना.

गलका ऐकून भागवतशेठ आतून आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला लोण्यासारखा. त्यानं करुणाताईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. सोजराबाईला हायसं वाटलं. तिला घरी पाठवलं ते यानंच, तेव्हा आता तो सांगेल आणि मिटेल.

“ताई, चूक आमच्या दुकानाची हाय,” भागवतशेठ म्हणाला. “तुमचे तांदूळ, साखर, सगळं सामान मी परत देतो. उद्या घेऊन जावा. मावशीचं वय झालं आता, होतं एखाद्यावेळी.”

“शेठ!” सोजराबाई म्हणाली. “मी बापूकडं होते.”

“ते चारला, मावशी. थैली त्याच्या आधी भरली तुमी.” त्यानं हात वर केला आणि काउंटरवर टांगलेल्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. “मी सकाळीच बघितलं ह्येच्यात. तुमीच भरून राहिल्या.”

आता या कॅमेऱ्याचंही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात वीज वरखाली झाली आणि तो जळाला. आतलं यंत्र दुरुस्तीला म्हणून नांदेडला गेलं ते परत आलंच नाही. भागवतशेठनं नुसतं खोकं पुन्हा टांगलं. दाराजवळचा कॅमेरा चालतो, पण काउंटरवरचा पोकळ. ही गोष्ट दुनियेत दोघांनाच ठाऊक होती, भागवतशेठला आणि सोजराबाईला, कारण दर बुधवारी स्टुलावर चढून ते खोकं पुसायची ती. “मावशी, कुणाला बोलू नका हां, लोकांनला धाक ऱ्हातो,” असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि तिनं सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिनं भागवतशेठच्या तोंडाकडं पाहिलं. लहानपणी याचं शेंबडं नाक तिनं पदरानं पुसलं होतं. तो शांतपणे तिच्याकडं बघत होता, आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की ही बोलणार नाही. आपल्या इमानाचाच दोर करून यानं आपल्याला बांधलं, हे तिला कळलं.

करुणाताई उठल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, “चूक झाली तर झाली, सोजरा. माणसाच्या हातून होते. पण खोटं कशाला बोलायचं? दर रविवारी पंचशील म्हणतीस ना माझ्या शेजारी बसून?”

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हे लागलं ते काळजात लागलं. सोजराबाईनं आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं. नवरा लवकर गेला, पोरगं पुण्याला कंपनीत लागलं ते दिवाळीलाच तोंड दाखवायचं. पण तिला खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. खोटं न बोलण्याचं शील ती म्हणायची तेव्हा तिला वाटायचं, बाकीचं जमो न जमो, हे एक आपल्याला जमलंय.

त्या दोघी गेल्यावर भागवतशेठ जवळ आला. “मावशी, मनाला लावून घेऊ नका. पोरगी एकटीच कॉम्प्युटरवर हाय, तिला काढून कसं चालंल? अन् दुकानातली बाई घरच्या कामाला वापरतो म्हणून चार लोकांत माझंच नाव निघायचं. तुमी आपल्या घरच्या, तुमी सांभाळून घेतलं पायजे.”

घरची! घरची असल्याची किंमत ती अशी.

संध्याकाळी आकांक्षा सोजराबाईच्या दारात आली. आत यायची हिंमत होत नव्हती, उंबऱ्याबाहेरच अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली.

“मावशी, रागावल्या का?”

सोजराबाई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“दोन ढीग हायेत म्हणून सांगितलं होतं ना मी?”

“व्हय. पण पंधरा गिऱ्हाइकं उभे होते मावशी. एकच थैली हाताला लागली, त्यात सगळं कोंबलं.” तिला रडू फुटलं. “मी सांगणार होते. पण सगळी वस्ती पेमाकाकूला काय काय बोलली ते बघितलं मी काल. मला बी तसंच बोलले असते. अन् सकाळी शेठला सांगितलं तर ते म्हणले, तू गप ऱ्हाय, मी बघतो.”

“अन् मला बोलले तर चालतं?”

पोरगी पुन्हा अंगठ्यानं माती उकरू लागली.

“गाठ शिकवली तुला,” सोजराबाई म्हणाली, “त्याच्या आधी काय शिकवलं होतं? खायचं येगळं, धुवायचं येगळं. ते इसरली अन् गाठ तेवढी ध्यानात ठिवली. जा आता. माय वाट बघत आसंल.”

दुसरा दिवस बुधवारचा. सोजराबाई नेहमीसारखी नऊला दुकानात गेली, निळा एप्रन चढवला, थैल्या भरल्या. बाराच्या सुमारास करुणाताई तांदूळ न्यायला आल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहिल्या. तिच्याशी नजर मिळवायची टाळत होत्या. त्यांनी दुसऱ्याच पोराला थैली भरायला सांगितलं, आणि भरल्यावर ती थैली तिथंच उघडून आत वाकून पाहिली.

त्या वाकून पाहण्यानं सोजराबाईचं ठरलं.

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, फडकं घेतलं आणि वर चढली. बुधवारच असल्यानं कुणाला नवल वाटलं नाही. तिनं कॅमेऱ्याची समोरची काच पुसली, वरची धूळ पुसली, मग हुकातून ते खोकं अलगद काढलं आणि खाली उतरून करुणाताईंच्या थैलीशेजारी ठेवलं.

“मावशी!” आतून भागवतशेठ ओरडला. “काय करून राहिल्या?”

“ताई,” सोजराबाई म्हणाली, “शनिवारी मी इथं होते का न्हाई, ते ह्येच्यात बघून सांगा.”

करुणाताईंनी खोकं उचललं आणि त्यांचा हात दचकल्यासारखा वर गेला, इतकं ते हलकं होतं. त्यांनी ते उलटं केलं. मागचं झाकण नव्हतं. आत एक तुटकी वायर गुंडाळून कोंबलेली होती, आणि कोपऱ्यात कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर. तेही जुनं, माशी उडून गेलेलं.

“ह्यात तर काहीच न्हाई,” करुणाताई म्हणाल्या.

“तीन वर्सांपासून न्हाई.”

सेनगावची एक बाई मिठाचा पुडा हातात धरून तशीच उभी राहिली. भागवतशेठ पुढं आला. चेहरा उतरला होता, पण बोलणं थांबत नव्हतं. “ताई, तसं न्हाई, तो दुसरा कॅमेरा हाय ना दारात... मावशी, दुकानाची इज्जत घालवली तुमी! घरच्या म्हणून ठिवलं होतं तुमाला!”

“घरची होते म्हणूनच तीन वर्सं रिकामं खोकं पुसलं, शेठ,” सोजराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “कुणाला बोलले न्हाई. तुमी त्याच्यातच मला दाखवली.”

“मग थैली भरली कुणी?” करुणाताईंनी विचारलं.

सोजराबाईनं नाव घेतलं नाही. तिनं काल पोरीला एकदा विचारलं होतं, तेवढं पुष्कळ झालं. करुणाताईंची नजर मात्र काउंटरवर फिरत फिरत आकांक्षाच्या हातावर थांबली. घाबरलेली पोर खाली मान घालून कुणाची तरी थैली बांधत होती, डाव्या हातानं. चाळीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासलेल्या बाईला कोण कुठल्या हातानं लिहितं ते सांगावं लागत नाही. त्या बघत राहिल्या. पोरीचा हात थांबला. गाठ अर्धीच राहिली.

सोजराबाईनं एप्रन काढला, चार घड्या करून खोक्याशेजारी ठेवला. मग करुणाताईंची उघडी थैली स्वतःकडं ओढली. सवयीनं आत हात घालून साखर खाली सरकवली, तांदूळ वर घेतले, तोंड बांधलं, आणि फास उजवीकडं पडलाय हे बघून थैली त्यांच्या हातात दिली. तिनं त्या दुकानात भरलेली ती शेवटची थैली.

बाहेर पडताना तिला आठवलं, चारला बापू वाट बघतील. तोंड उघडतील का आज कुणापुढं? त्यांचा तर यात काहीच गुन्हा नव्हता. पण त्या घराच्या गल्लीकडं तिचे पाय वळले नाहीत, आणि त्याचंही दुःख तिला एकटीलाच झालं.

रविवारी वंदनेनंतर पुन्हा खीर केली. तोवर सगळ्या वस्तीला सगळं कळलं होतं. आकांक्षाची माय येऊन पाया पडून गेली. पेमा सोजराबाईच्या गळ्यात पडून रडली. जो तो येऊन म्हणत होता, “आमाला वाटलंच होतं सोजराबाई, तुमी तसं करायच्या न्हाई.” सोजराबाई सगळ्यांना हो हो म्हणत होती. वाटलं होतं तर बोललं का नाही कुणी, हे तिनं कुणाला विचारलं नाही. तीस वर्षं पारखलेल्या सोजरापेक्षा त्यांना एक दिवस एक रिकामं खोकं खरं वाटलं होतं. दिवस एकच, पण तो आता परत घेता येणार नव्हता.

करुणाताईंनी पहिली वाटी तिलाच आणून दिली, स्वतःच्या हातानं. लेकरांआधी, भन्तेजींच्या पाठोपाठ. सगळे तिच्याकडं बघत होते.

तिनं एक घास घेतला. दूध चांगलं आटलेलं होतं, तांदूळ नवे, वेलची मापात. करुणाताईंनी तो तांदूळ तीन पाण्यांनी धुतला होता. तरीही घास गिळताना सोजराबाईच्या नाकात डांबरगोळीचा वास आला. दुसऱ्या घासालाही आला.

“कशी झाली गं?” करुणाताईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“चांगली झाली, ताई,” सोजराबाई म्हणाली.

विहारात बसून ती पहिल्यांदाच खोटं बोलली. मग अन्न टाकू नये म्हणून तिनं वाटी सगळी संपवली, नळावर जाऊन धुतली आणि बाकीच्या वाट्यांच्या रांगेत पालथी घालून ठेवली.